न भरणाऱ्या टाक्या

आपले घर पाहुण्याला दाखविताना फरशी कोठली, लाकूड कोणते, हे सांगून झाले की घरमालक अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट करतो आणि मोठ्या समाधानाने म्हणतो, "ही सेप्टिक टाकी. वीस वर्षे झाली, एकदाही उपसावी लागली नाही!" पाहुणाही गवंड्याची तारीफ करतो. नागपुरापासून गडचिरोलीपर्यंत कोणत्याही गावात हे वाक्य ऐकावयास मिळते. आणि ते बोलणारा बहुधा शिकलासवरलेला, निवृत्तिवेतन घेणारा, रोज वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ असतो. आमच्या मते हे वाक्य गवंड्याची स्तुती नसून त्याच्यावरचे आरोपपत्र आहे. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाचा मैला ज्या टाकीत रोज पडतो, ती वीस वर्षांत भरत नाही याचे कारण एकच असू शकते : जे आत गेले ते आत राहिलेले नाही. टाकीला तळ नाही, किंवा भिंतीला भेगा आहेत, किंवा तिची नळी थेट गटारात सोडलेली आहे. मैला नाहीसा होत नसतो, तो जागा बदलतो. त्याने कोणती जागा घेतली हे पाहण्याचे काम आज आपल्या राज्यात कोणाकडेही नाही, आणि हेच आजच्या लेखाचे प्रयोजन आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील सावली हे गाव आम्ही या विचारासाठी मुद्दाम निवडतो. मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे ठिकाण. पुढे व्याहाड आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. आमच्या शहरी वाचकांपैकी पुष्कळांना ते एस. टी.च्या खिडकीतूनच ठाऊक असेल. हा धानाचा मुलूख. इंग्रजी अमदानीत बांधलेला आसोलामेंढ्याचा तलाव याच तालुक्यात आहे. मालगुजारी तलाव, बोड्या, नहर आणि बांध्या यांनी सारा परिसर भरलेला आहे. तालुक्याच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचे धोरण राज्य सरकारने २०१४ साली घेतले, त्या लाटेत सावलीही नगर झाली. अशी गावे झपाट्याने बदलतात. कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे येतात, नोकरदारांच्या वसाहती उठतात आणि प्रत्येक घराच्या पोटात एक टाकी गाडली जाते. सावलीएवढ्या गावाला भुयारी गटारे परवडण्यासारखी नाहीत आणि खरे म्हणजे त्यांची गरजही नाही. विरळ वस्तीला घरोघरची टाकी हा उत्तम उपाय आहे. मात्र टाकी हे यंत्र आहे, आणि यंत्राची निगा घ्यावी लागते, हे आपल्याला कोणी शिकविलेच नाही.

या यंत्राचे काम साधे आहे. टाकीत मैला आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग वर तरंगतो आणि मधले पाणी पुढच्या शोषखड्ड्यात जाते. तळाचा गाळ जंतू हळूहळू कुजवितात, पण संपवीत नाहीत. तो साठत जातो. मधले पाणी दिसावयास बरे असले तरी रोगजंतूंनी भरलेले असते. त्याला खरे शुद्ध करते ती शोषखड्ड्याभोवतीची माती. म्हणजे टाकीने अर्धे काम करावयाचे आणि मातीने अर्धे. गाळ एक-तृतीयांशाहून वर चढला की मधल्या पाण्याला थांबावयास जागा उरत नाही. घाण तशीच पुढे जाते, शोषखड्डा तुंबतो आणि मग घरमालक एका रात्रीत नळी फोडून ती गटारात सोडतो. दोन-तीन वर्षांनी उपसा करावा, असे तज्ज्ञ सांगत आले आहेत ते याचसाठी. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून सुमारे १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर असावा, असे भारतीय मानक संस्थेचा संकेत सांगतो. आता दीड-दोन हजार चौरस फुटांच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने साठ फूट आणावेत कोठून? त्याची बोअर एका कोपऱ्यात, टाकी दुसऱ्या कोपऱ्यात, आणि शेजाऱ्याची टाकी कुंपणाला लागून.

त्यात हा धानपट्टा. मातीने अर्धे काम करावयाचे तर माती कोरडी हवी. पाण्याची पातळी शोषखड्ड्याच्या पुष्कळ खाली हवी. पूर्व विदर्भात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. श्रावणात बांध्या पाण्याने तुडुंब असतात, उथळ विहिरींचे पाणी हाताने घेता येईल इतके वर येते. अशा वेळी शोषखड्डा पाणी शोषीत नाही. तोच पाण्यात उभा असतो. टाकी आणि विहीर यांच्यामध्ये गाळणी म्हणून जो मातीचा थर होता तो वर्षातील काही आठवडे अस्तित्वातच नसतो. हगवण, कावीळ, विषमज्वर यांचे दिवस तेच असतात. आपण मात्र "पाणी बदलले" असे म्हणून ऋतूला दोष देतो.

विहिरीशेजारचा मैला काय करू शकतो याचा जगातील सर्वांत गाजलेला दाखला लंडनचा आहे. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीने सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉ. जॉन स्नो यांनी एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले आणि त्या पंपाचा दांडा काढला गेला, इतकी कथा पुष्कळांना माहीत असते. तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. साथ ओसरल्यावर ती विहीर उघडून पाहिली तेव्हा आतल्या विटांत कोठे भोक दिसले नाही, म्हणून स्नो यांचे म्हणणे बाजूस पडण्याच्या बेतात आले. पुढे हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याने घरोघर चौकशी करून साथीच्या आरंभी आजारी पडलेले एक तान्हे मूल शोधून काढले. ते पंपाजवळच्याच घरात होते, आणि त्याची दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाकुंडीत ओतले गेले होते. १८५५ साली ती कुंडी खणून पाहिली, तेव्हा तिच्या विटा कुजून निखळलेल्या होत्या आणि विहिरीपासून तिचे अंतर तीन फूटही नव्हते. नुसते वरून डोकावून काही दिसले नव्हते; खणले तेव्हा दिसले. तपासणी या शब्दाचा अर्थ काय, हे यावरून कळावे.

ही फार जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. २०२२ च्या जुलैत मेळघाटातील पाच डोंगरी आणि कोयलारी येथे पटकीची साथ आली, माणसे दगावली. नळाचे पाणी बंद होते आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. ते दुर्गम आदिवासी गावांत घडले म्हणून शहरांनी सुस्कारा टाकला. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत, गुलियन-बारे नावाच्या विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळू लागले. त्यांची संख्या पुढे दोनशेवर गेली. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे जंतू सापडले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. तेथे तर राज्यातील उत्तमोत्तम रुग्णालये आणि खुद्द राष्ट्रीय विषाणू संस्था हाकेच्या अंतरावर होती. ज्या तालुक्यात अतिदक्षतेची खाट मिळविण्यासाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते, तेथे अशी साथ आली तर काय होईल?

आता नळ येत आहेत, विहिरींची काळजी कशाला, हा युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमुळे खेड्यापाड्यांत नळ पोहोचले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आपले नळ चोवीस तास वाहत नाहीत. तासभर पाणी येते आणि उरलेला दिवस नळी रिकामी असते. रिकामी नळी जेथे गटारातून जाते तेथे सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढून घेते. ते गटार म्हणजे टाक्यांच्या नळ्या ज्यात सोडल्या आहेत तेच. शिवाय जंतू क्लोरिनने मरतात, नायट्रेट मरत नाही. मैल्यातून आणि शेतातल्या युरियातून झिरपणारा हा क्षार पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावा असे आपले मानक आहे. पाणी उकळून तो जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. तान्ह्या बाळाला वरचे दूध उकळलेल्या पाण्यात कालवून पाजणाऱ्या आईला हे कोणी सांगितले आहे काय?

स्वच्छ भारत मोहिमेने २०१४ पासून पाच वर्षांत देशात शौचालये बांधण्याचा जो प्रचंड उद्योग केला, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. घरातील स्त्रीला पहाटेच्या अंधारात गावाबाहेर जावे लागत नाही, हे एवढे एकच फळ पदरात पडले असते तरी तो खर्च सार्थकी लागला असता. पण सरकारी मोजदाद नेहमी जमिनीच्या वर होते. भिंत, दार, भांडे, लाभार्थ्याचे छायाचित्र, संपले. भांड्याखाली काय आहे, एक खड्डा की दोन, टाकीला तळ आहे की नाही, हे छायाचित्रात येत नाही. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय ही खेड्यासाठी खरोखर बुद्धिमान रचना आहे : एक भरला की दुसरा वापरावयाचा, आणि पहिल्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात निरुपद्रवी खत होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीला सोनखताचे प्रयोग केले ते याच वाटेवरचे होते. परंतु लोकांना दोन उथळ खड्डे नकोत, एक मोठी टाकी हवी. जितकी मोठी तितकी प्रतिष्ठा अधिक. "कधी उपसावी लागणार नाही" हीच तिची जाहिरात.

मग करावयाचे काय? आमचे म्हणणे असे की, तपासणीची एक जुनी, चालू पद्धत महाराष्ट्रात आहे. तीच पुढे न्यावी. ग्रामपंचायतींच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, स्वच्छता सर्वेक्षण होते आणि धोक्याच्या मानाने गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड मिळाले की ग्रामसेवकाची धावपळ होते, ब्लीचिंगची पोती येतात. पद्धत चांगली आहे. तिची नजर तेवढी आखूड आहे. ती विहिरीचा कठडा पाहते, हातपंपाचा ओटा पाहते, भोवतालचे डबके पाहते. पण कुंपणापलीकडची टाकी उघडीत नाही. ही नजर स्रोतापासून टाकीपर्यंत लांबवावी, आणि गाव नगरपंचायत झाले म्हणून ती मिटू नये. पाण्याला ग्रामपंचायत आणि नगरपंचायत यांतला भेद कळत नाही. अधिकाराचा प्रश्नही नाही : महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याने नाल्या, संडास आणि मैलाकुंड्या यांबाबतचे अधिकार या संस्थांना केव्हाच दिलेले आहेत. हे अधिकार आजवर वापरले गेले ते शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या भांडणातील अर्जापुरते.

तपासणीला मोठी विद्या लागते असेही नाही. झाकण उघडून लांब काठीला पांढरे कापड गुंडाळून ती तळापर्यंत सोडली की काळ्या डागावरून गाळ किती चढला ते कळते. संडासात रंगीत पाणी ओतून ते गटारात किंवा विहिरीत उतरते का हे पाहता येते. विहिरीपर्यंतचे अंतर फीत लावून मोजता येते. बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला आठवडाभरात हे शिकविता येईल.

"सरकार आता आमच्या संडासातही डोकावणार का?" हा आक्षेप येणारच, आणि तो येईल तो शिकलेल्यांकडून. सावलीच्या संदर्भात या आक्षेपाला एक विशेष उत्तर आहे. १९३६ साली, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील या गावी गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले होते आणि स्वतः गांधीजी त्यासाठी येथे आले होते. सावलीच्या खादीची आठवण त्यानिमित्ताने अजून काढली जाते. पण सावलीला आलेल्या त्या पाहुण्याने चाळीस वर्षांपूर्वी, १८९६ साली, मुंबईत प्लेग पसरला असता राजकोट शहरात घरोघर फिरून संडास तपासले होते. सत्याच्या प्रयोगांत त्यांनी ती हकीकत सविस्तर लिहून ठेवली आहे. गरिबांनी संडास दाखविण्यास हरकत घेतली नाही, आणि सुचविलेली सुधारणाही केली. हरकत घेतली ती बड्यांनी; काहींनी तर समितीला आत पाऊल टाकू दिले नाही, आणि संडास अधिक गलिच्छ होते ते त्यांचेच. अस्पृश्यांच्या वस्तीत समितीपैकी एकच गृहस्थ त्यांच्याबरोबर यावयास तयार झाला. तेथील घरे सारवलेली आणि स्वच्छ आढळली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. तपासनीस आज दारात आला तर दार कोण लावून घेईल आणि कोण उघडील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. टाकी आपल्या अंगणात असली तरी तिच्यातून झिरपणारे पाणी सातबाऱ्याची हद्द पाळीत नाही. म्हणून तिच्याबद्दलचा खाजगीपणाचा दावा आम्हांला मान्य करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तपासणी म्हणजे आणखी एक इन्स्पेक्टर, आणि इन्स्पेक्टर म्हणजे आणखी एक हप्ता. ही भीती निराधार नाही. शाळेत शिकविण्यात आमची जी वर्षे गेली त्यांत तपासणीचे रूप आम्ही जवळून पाहिले आहे. साहेब येणार असे कळले की भिंतींना चुना लागे, तक्ते टांगले जात, हजेरी वाढे. साहेब शेरेबुकात चार ओळी लिहून जेवून जात, आणि दुसऱ्या दिवशी तक्ते कपाटात. त्या तपासणीने शिक्षण किती सुधारले हे न विचारलेले बरे. पण टाकीच्या बाबतीत एक गंमत आहे. तपासनीस येणार म्हणून घाबरून घरमालकाने आदल्या दिवशी टाकी उपसून घेतली, तर आमचा हेतू साधलाच! दिखाव्यासाठी केलेले काम आणि खरे काम येथे एकच ठरते. तरीही दंडाची पावती तपासनिसाच्या हाती देऊ नये, हे आम्ही आग्रहाने सांगू. त्याने मोजावे, नोंदवावे आणि नोंदीची प्रत घरमालकाला द्यावी. उपसा ही शिक्षा नसून सेवा असली पाहिजे; पाणीपट्टीसारखी ठरलेली, सर्वांना सारखी, न मागता दारी येणारी.

हे स्वप्नरंजन नव्हे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास हेच केले. घरोघरच्या टाक्यांची नोंद केली, तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा उपसली जाईल असे वेळापत्रक आखले, काम ठेकेदाराला दिले आणि पैसा स्वच्छता कराच्या रूपाने उभा केला. गाडी आपणहून येते. तुंबल्यावर धावाधाव करावी लागत नाही. सावलीसारख्या गावासाठी गणित मांडून पाहावे. टाक्या तीन हजार धरल्या तर वर्षाला एक हजार उपसावयाच्या. कामाचे दिवस अडीचशे धरले तर रोज चार. एक गाडी पुरते. एका उपशाला तीन हजार रुपये पडतात असे धरले, तरी तीन वर्षांवर वाटून घरटी महिन्याला त्र्याऐंशी रुपये होतात. एवढी रक्कम ज्या घराला जड जाईल त्याला सूट द्यावी. पण स्लॅबवर स्लॅब चढविणाऱ्यांना ती जड आहे, असे आम्हांस कोणी पटवू नये.

सक्ती की मर्जी, या प्रश्नाचे उत्तर मलेशियाने देऊन ठेवले आहे. तेथे ठरलेल्या मुदतीने उपसा करण्याची राष्ट्रव्यापी व्यवस्था होती. २००८ च्या सुमारास ती घरमालकाच्या मर्जीवर सोडण्यात आली, आणि मर्जी होताच लोक विसरले. आयर्लंडचा अनुभव वेगळ्या अंगाने उपयोगी आहे. युरोपीय न्यायालयाने २००९ साली त्या देशाला घरगुती टाक्यांच्या हयगयीबद्दल दोषी धरले, तेव्हा २०१२ साली नोंदणीचा आणि तपासणीचा कायदा झाला. ग्रामीण भागातून जोरदार विरोध झाला, नोंदणीची फी पन्नास युरोंवरून मुदतीत येणाऱ्यांसाठी पाचावर आणावी लागली. मात्र त्यांनी एक शहाणपण केले : सगळ्या टाक्यांमागे न लागता विहिरी आणि नद्यांजवळच्या टाक्या आधी तपासल्या, आणि दुरुस्तीला अनुदान ठेवले. तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास टाक्या सदोष निघाल्या. इतक्या सुस्थितीतल्या देशात ही गत, तर आपल्याकडे काय निघेल?

उपसलेला गाळ कोठे जातो, हा प्रश्न न विचारता तपासणीची योजना आखली तर ती निव्वळ फसवणूक ठरेल. आज गाडीवाला उपसतो आणि रात्री गावाबाहेरच्या नाल्यात किंवा पडीत ओतून मोकळा होतो. नाला वैनगंगेला मिळतो. म्हणजे आपण शंभर विहिरींतले विष गोळा करून एका नदीत टाकले. गाळ सुकविण्याचे वाफे आणि पाणी निथळून शुद्ध करण्याची साधी तळी एवढ्यावर छोट्या गावाचे काम भागते. राज्यातील अनेक छोट्या नगरांत अशी केंद्रे उभी राहिलीही आहेत, आणि मैलागाळाच्या व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण २०१७ पासून कागदावर आहे. ज्या नगराचे केंद्र फार दूर आहे तेथे गाडीवाल्याने तेथवर जावे ही अपेक्षा व्यर्थ. मूल, सावली, गडचिरोली अशा शेजारच्या गावांनी जिल्ह्याची हद्द मध्ये न आणता एकत्र विचार करावा.

आणि आता त्या माणसाबद्दल, जो या साऱ्या चर्चेत कोठे दिसत नाही. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसली तर गाळ पातळ असतो. गाडीची नळी तो ओढून घेते. पंधरा-वीस वर्षे न उघडलेल्या टाकीत तो घट्ट होऊन बसतो, नळीला दाद देत नाही. मग कोणाला तरी फावडे आणि बादली देऊन आत उतरविले जाते. आत प्राणवायू नसतो, विषारी वायू असतो. पहिला कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, आणि वर्तमानपत्रात तीन ओळींची बातमी येते. हाताने मैला साफ करविण्यास, आणि साधनांवाचून माणसाला टाकीत उतरविण्यास, २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरविली, २०२३ च्या ऑक्टोबरात ती तीस लाखांवर नेली. न्यायालयाला रक्कम तिपटीने वाढवावी लागली याचा अर्थ माणसे मरावयाची थांबलेली नाहीत. "आमची टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही" या वाक्यातील अभिमान एक दिवस कोणाच्या तरी जिवावर बेततो. तो माणूस कोणत्या जातीचा असतो, हे या महाराष्ट्रात आम्ही सांगावयास नको.

आरंभ सामान्य नागरिकाच्या अंगणातून करू नये. तालुक्याच्या प्रत्येक गावी तहसील कचेरी असते, पोलिस ठाणे, बसस्थानक, दवाखाना, शाळा असतात. विशेषतः मुलामुलींची निवासी वसतिगृहे आणि आश्रमशाळा, जेथे शेकडो मुले एकाच विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पितात आणि एकाच टाकीवर अवलंबून असतात. या टाक्यांची मालकी सरकारची, तपासणीला हरकत घेणारे कोणी नाही, नव्या कायद्याची जरुरी नाही. सावलीच्या नगरपंचायतीने आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्हा परिषदांनी येत्या पावसाळ्यापूर्वी एवढेच करावे : सरकारी इमारतींच्या टाक्या उघडाव्यात, गाळ मोजावा, जवळच्या विहिरीचे अंतर मोजावे, आणि त्या नोंदीचा तक्ता कचेरीच्या दारावर लावावा. त्यानंतर सार्वजनिक विहिरी आणि हातपंप यांच्यापासून साठ फुटांच्या आतील घरे घ्यावीत. तक्त्यावर पहिले नाव तहसील कचेरीचे असले की दुसऱ्या नावाच्या घरमालकाला झाकण उघडण्यास सांगणे सोपे जाईल.